गल्लीतल्या फोनलाही आता शून्य

हैदराबादच्या नारायणगुड्यात उड्डाणपुलाच्या कडेने हिमायतनगरच्या दिशेने चालत गेले, की नव्या काचेरी दर्शनी भागांच्या मधूनमधून काही जुन्या दुकानांच्या पाट्या अजून तग धरून आहेत. त्यांतल्या एका पाटीने मागच्या भेटीत मला थांबवले. दुकान शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्याचे. नावाखाली दूरध्वनी क्रमांक रंगवलेला. त्यातले सात आकडे एका हाताचे, सुबक. आणि त्यांच्या आधी जेमतेम मावेल अशा जागेत, किंचित वेगळ्या निळ्या रंगात, कोणीतरी नंतर कोंबलेला ‘२’. खाली तिसऱ्याच हाताने लिहिलेला दहा आकडी भ्रमणध्वनी. तीस वर्षांचा दूरसंचाराचा इतिहास त्या पत्र्यावर थरांथरांनी साचलेला होता. असा ‘२’ पणजीत, म्हापशात, मडगावातही जुन्या पाट्यांवर शोधला तर सापडेल.

या पाट्यांची आठवण होण्याचे कारण म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ६ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्र सरकारला सादर केलेल्या राष्ट्रीय क्रमांक योजनेच्या फेररचनेच्या शिफारशी. त्यातली ठळक शिफारस अशी, की स्थिर दूरध्वनीवरून स्थिर दूरध्वनीला फोन करताना, मग तो समोरच्या इमारतीत का असेना, आधी शून्य, मग शहराचा संकेतांक आणि मग क्रमांक फिरवावा. नारायणगुड्यातून नारायणगुड्यात बोलायचे तरी ०४०. पणजीहून ताळगावला बोलायचे तरी ०८३२. भ्रमणध्वनीवरून फोन करणाऱ्यांच्या सवयीत काही बदल नाही आणि कोणाचाही क्रमांक बदलणार नाही. तयारीसाठी कंपन्यांना सहा महिन्यांची मुदत सुचवली आहे. अंतिम निर्णय अर्थातच दूरसंचार विभागाचा.

शिफारशी जाहीर झाल्या तेव्हा बातम्यांचे मथळे या शून्यावरच खिळले. माझ्या मते शून्य ही त्यातली सर्वांत निरुपद्रवी गोष्ट आहे. त्याच कागदात पुढे, कमी चर्चा झालेल्या ओळींत, जे लिहिले आहे ते अधिक घरांपर्यंत पोहोचणारे आहे. पण तिकडे वळण्यापूर्वी क्रमांक म्हणजे मुळात काय होता, हे पाहिले पाहिजे.

माझी आत्या लग्न होऊन गोव्यातून हैदराबादला गेली, ती गेली चार दशके नारायणगुड्यातच आहे. केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० साली उभ्या राहिलेल्या केशव मेमोरियल संस्थेच्या परिसरातले ते घर. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून गेला तरी जी मराठी कुटुंबे शहरातच राहिली, त्यांपैकी तिचे सासर. तिच्या टेलिफोनशेजारची डायरी उघडली, की एकेका नावापुढे खोडलेले तीन-तीन क्रमांक दिसतात. आधी सहा आकडी, मग सात, मग आठ. त्या काळी हैदराबादचा संकेतांक ०४० नव्हता, ०८४२ होता. आणि आपला ०८३२. एका आकड्याचा फरक. आमच्या घरी आत्याला फोन लावताना बोट चुकले, की गोव्यातलेच कोणीतरी फोन उचलत असे; बाबा त्यांची माफी मागून पुन्हा चकती फिरवत.

हा योगायोग नव्हता. संकेतांकाचा पहिला आकडा देशाचा एक मोठा प्रदेश दाखवत असे, दुसरा आणि तिसरा त्याच्या आत नेत. बेळगाव ०८३१, गोवा ०८३२, हुबळी ०८३६, हैदराबाद ०८४२. मडगावलाही एके काळी स्वतःचा ०८३४ होता. पुढे तो ०८३२ मध्ये विलीन झाला आणि अख्ख्या राज्याला एकच संकेतांक असण्याचा दुर्मीळ मान गोव्याला मिळाला. दक्षिणेकडच्या आठ या आकड्याच्या घराण्यात आपण बसलो, तर सीमेपलीकडचे सावंतवाडी ०२३६३ म्हणजे दोनच्या घराण्यात. भ्रमणध्वनीच्या परवान्यांत मात्र गणित उलटे झाले. तिथे गोवा महाराष्ट्राच्या सेवाक्षेत्रात धरला गेला. म्हणजे गेली जवळपास तीन दशके स्थिर दूरध्वनीच्या नकाशावर आपण बेळगावचे शेजारी आणि भ्रमणध्वनीच्या नकाशावर पुण्याचे. हैदराबादची गोष्टही काहीशी अशीच. तेलंगण २ जून २०१४ रोजी वेगळे राज्य झाले, तरी भ्रमणध्वनीच्या परवान्यात नारायणगुडा अजूनही ‘आंध्र प्रदेश’ सेवाक्षेत्रातच आहे. राज्ये बदलतात तितक्या सहजी दूरसंचाराच्या सीमा बदलत नाहीत.

मुद्दा असा, की क्रमांक म्हणजे पत्ता होता. तो माणसाचा नव्हता, भिंतीचा होता. आत्याच्या घरचा क्रमांक फिरवला की त्या घरात जो कोणी असेल तो बोले. घर बदलले की क्रमांक बदले. त्यामुळे क्रमांक योजना ही तारा, केंद्रे आणि शहरांची वाढ यांचा हिशेब मांडणाऱ्या अभियंत्यांची बाब होती आणि त्यांनी ती बरी सांभाळली. हैदराबाद वाढले तेव्हा संकेतांक एका आकड्याने आखूड करून घरचा क्रमांक एका आकड्याने लांब केला. बेरीज तीच राहिली. डायरीतली ओळ तेवढी खोडली गेली.

सर्वांत मोठा फेरबदल २००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेच्या सुमारास झाला. खासगी कंपन्या स्थिर दूरध्वनीत उतरल्या होत्या. कोणाचा क्रमांक कोणाचा हे पहिल्या आकड्यावरून कळावे म्हणून सरकारी कंपन्यांच्या क्रमांकांआधी ‘२’ आला, इतरांना पुढचे आकडे मिळाले. संकेतांक आणि क्रमांक मिळून दहा आकडे, ही चौकट सर्वत्र सारखी झाली. नारायणगुड्यातल्या त्या पाटीवरचा निळा ‘२’ तेव्हाचा. योजनाकारांचा अंदाज होता, की २०३० पर्यंत देशात शंभर माणसांमागे पन्नास फोन होतील आणि तोपर्यंत ही चौकट पुरेल. तो टप्पा देशाने २०१० मध्येच ओलांडला. वीस वर्षे आधी! नियोजनाच्या इतिहासात इतक्या आनंददायक रीतीने चुकलेला अंदाज फारसा सापडणार नाही.

भ्रमणध्वनी नऊने सुरू होत होते, मग आठ आले, सात आले, अखेर सहाही आला. सहाने सुरू होणारा फोन आला की पहिली काही वर्षे लोक तो परदेशातला समजून कापत. मग १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीला फोन करताना शून्य लावणे सक्तीचे झाले. एवढ्या एका शून्यामुळे २५४.४ कोटी नवे क्रमांक तयार करण्याची सोय झाली, असे सरकारने तेव्हा सांगितले होते. त्याआधी मे २०२० मध्ये भ्रमणध्वनी अकरा आकडी होणार अशी आवई उठली आणि ट्रायला खुलासा करावा लागला, की तसे काही सुचवलेले नाही. शून्य हा क्रमांकाचा भाग नसतो, तो दरवाजा असतो. हा खुलासा आताही उपयोगी पडेल.

मग आता पुन्हा टंचाई कसली? स्थिर दूरध्वनी तर संपत चालले, असा आपला समज. तो अर्धाच खरा आहे. तांब्याच्या तारेचे फोन संपत आहेत, पण प्रकाशतंतूवरून घरात येणाऱ्या इंटरनेटबरोबर एक स्थिर क्रमांकही येतो. पाच वर्षांपूर्वी देशभर सुमारे दोन कोटींवर घसरलेल्या स्थिर जोडण्या आता चार कोटींच्या आसपास आहेत. क्रमांक एकंदरीत कमी नाहीत. ते चुकीच्या जागी पडून आहेत. साधा हिशेब करू. ०८३२ नंतर सात आकडे. पहिला आकडा दोन ते सहा यांपैकी धरला तरी पन्नास लाख क्रमांक होतात. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख. उरलेले बहुतेक क्रमांक कधीच कोणाच्या घरी वाजले नाहीत, वाजणारही नाहीत. उलट मोठ्या शहरांत नव्या कंपनीला गठ्ठा हवा असेल तर ओढाताण होते. देशात तालुक्याएवढी अशी अडीच हजारांहून अधिक क्षेत्रे आहेत आणि प्रत्येकाची क्रमांकांची कोठी वेगळी, कुलूपबंद. ट्राय म्हणते, ही कुलपे काढा आणि संपूर्ण सेवाक्षेत्राची एकच कोठी करा. मात्र मग संकेतांकाशिवाय फोन लावण्याची सोय राहत नाही. म्हणून गल्लीतल्या फोनलाही शून्य.

तांत्रिक दृष्ट्या हे शहाणपणाचे आहे. कोणाची पाटी बदलावी लागणार नाही, पत्रकांवरचा मजकूर बदलावा लागणार नाही. लंडनकरांना १९९० ते २००० या दहा वर्षांत तीनदा संकेतांक बदलून घ्यावे लागले होते. एकाचे दोन झाले, दोघांमध्ये एक आकडा घुसला आणि शेवटी पुन्हा दोघांचा एक झाला. त्या मानाने आपल्याला फारच स्वस्तात सोडले आहे. सवय बदलावी लागेल ती स्थिर दूरध्वनी वापरणाऱ्या वृद्धांना. बाकीच्यांना कळणारही नाही.

गोव्याच्या दृष्टीने पुढचे पाऊल मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. फ्रान्सने १९९६ मध्ये सर्वांना सदैव दहा आकडे फिरवायला लावले. तेव्हाही पहिले दोन आकडे देशाचा भाग सांगत. कोणाचा क्रमांक पॅरिसचा, कोणाचा दक्षिणेचा, हे ऐकून कळे. २०२३ च्या आरंभापासून ते बंधनही उठले. आता पॅरिसचा क्रमांक घेऊन कोणीही समुद्रकिनारी राहू शकतो. कोठी एक झाली, की आज ना उद्या असेच होते. आपली कोठी महाराष्ट्राबरोबर एक होणार आहे. ०८३२ चे रिकामे गठ्ठे उद्या पुण्या-नाशिकच्या कामी आले, तर हिशेबाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. असे आज कोणी सुचवलेले नाही, पण वाट त्याच दिशेने जाते. मग ०८३२ पाहून ‘हा गोव्याचा फोन’ असे म्हणता येणार नाही. भावनेचा भाग सोडला तरी, पर्यटकाला हॉटेलच्या नावाने फसवे फोन करणाऱ्यांच्या या काळात संकेतांक ही एक लहानशी ओळखीची खूण उरली आहे. राज्य सरकारने या प्रश्नावर आपले म्हणणे दूरसंचार विभागाकडे लेखी नोंदवावे, इतकी अपेक्षा गैर ठरू नये. आखणीच्या वेळी बोलले नाही, की नंतर नुसतीच कुरकुर उरते.

ओळखीच्या खुणांचे महत्त्व सरकारलाही पटलेले आहेच. जाहिरातींच्या फोनसाठी १४० आणि बँकांच्या कामाच्या फोनसाठी १६०० अशा राखीव मालिका त्यासाठीच काढल्या. एकने सुरू होणारे तीन-चार आकडी छोटे क्रमांक फक्त शासकीय सेवांना द्यावेत, तेही विनाशुल्क, अशी ताजी शिफारस आहे. ती योग्यच आहे. हैदराबादमध्ये १५ ऑगस्ट २००५ रोजी रुग्णवाहिकेसाठी १०८ सुरू झाला आणि २००८ मध्ये तो गोव्यातही आला. आज शाळकरी पोरालाही तो पाठ आहे. तीन आकड्यांची ही श्रीमंती किती मोलाची असते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

आता त्या कमी चर्चेच्या ओळींकडे. ट्राय सांगते, की वापराविना पडलेला भ्रमणध्वनी नव्वद दिवसांच्या आत बंद करू नये. आणि तीनशे पासष्ट दिवस न वापरलेला असेल तर तो बंद केलाच पाहिजे. पहिला भाग ग्राहकाच्या रक्षणाचा. नव्वद दिवसांचा दंडक २०१३ पासून आहेच. खात्यात किमान वीस रुपये शिल्लक असतील, तर ते कापून क्रमांक आणखी तीस दिवस राखण्याची तरतूदही तेव्हाचीच. दुसरा भाग मात्र क्रमांकाकडे राष्ट्रीय साधनसंपत्ती म्हणून पाहणारा आहे. पडीक जमीन जशी सरकार परत घेते, तसा पडीक क्रमांक परत घेऊन दुसऱ्याला द्यायचा. बंद झालेला क्रमांक निदान नव्वद दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. म्हणजे सहा महिन्यांनी तुमचा क्रमांक परक्याच्या खिशात वाजू शकतो.

आत्याच्या घरी हेच झाले. काका गेले. त्यांचा फोन कपाटाच्या खणात राहिला. तो पुन्हा चालू करण्याचे कोणाच्या मनात आले नाही, आणि खरे सांगायचे तर कोणाला धीरही झाला नाही. आठ-नऊ महिन्यांनी दोघांच्या नावावरची एक मुदत ठेव मोडायची वेळ आली. बँकेतल्या कर्मचाऱ्याने यंत्रात काहीतरी टिपले आणि म्हणाला, संकेत पाठवला आहे, सांगा. संकेत काकांच्या क्रमांकावर गेला होता. आत्या घरी आली, स्थिर दूरध्वनीवरून शून्य लावून तिने नवऱ्याचा क्रमांक फिरवला. हा क्रमांक तिला पाठ होता, स्वतःचा नाही. पलीकडून एका तरुणाने फोन उचलला. वरंगळकडचा विद्यार्थी. हा क्रमांक त्याला दोन महिन्यांपूर्वी दुकानात मिळाला होता. आत्याने तेलुगूत सगळे सांगितले. तो म्हणाला, अम्मा, तुमच्या बँकेचे संदेश मला येतच असतात, मी पुसून टाकतो. आणि मग त्याने संकेताचे सहा आकडे वाचून दाखवले.

तोवर त्या संकेताची वेळ टळून गेली होती, म्हणून त्याचा काही उपयोग झाला नाही. मृत्यूचा दाखला, अर्ज, दोन खेपा, असे करून काम यथावकाश झाले. पण तो मुलगा सज्जन होता म्हणून हे हसत सांगता येते. त्याच्या हाती महिने-दोन महिने काकांची बँक, गॅस, आधारशी जोडलेली कामे आणि नातेवाइकांचे संदेश येत होते.

क्रमांक हा भिंतीचा पत्ता राहिलेला नाही, तो माणसाच्या सहीची जागा घेऊन बसला आहे. आणि तरीही त्याची देवघेव अजून भिंतीच्या हिशेबानेच होते. घराची तार काढली की क्रमांक मोकळा, इतके ते सोपे नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले, की कायमचे बंद झालेल्या क्रमांकांची जी यादी दूरसंचार यंत्रणेकडे असते ती पाहून आपापल्या नोंदी स्वच्छ करा. यूपीआयसाठी ही पडताळणी दर आठवड्याला व्हावी, असा दंडक ३१ मार्च २०२५ पर्यंत लागू करायचा होता. हे चांगलेच आहे. पण ही स्वच्छता क्रमांक परक्याला देण्याआधी पूर्ण झालीच पाहिजे, अशी अट मात्र क्रमांक देणाऱ्यावर नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत माझी आत्या उभी होती.

गोव्यात हा प्रश्न केवळ विधवांचा आणि वृद्धांचा नाही. आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी जहाजावर आहे. तारवटी करारावर सहा महिने, नऊ महिने समुद्रात असतो. इथले सिम बॅगेच्या कप्प्यात असते. भरपाई वेळेवर करणारा भाऊ किंवा बायको मागे असेल तर ठीक. एखादा महिना चुकला, जहाज वेळेत परतले नाही, तर नव्वद दिवस काहीच नाहीत. करार संपवून दाबोळीला किंवा मोपाला उतरल्यावर पगार ज्या खात्यात जमा झाला, त्याच खात्याचे दार उघडत नाही, ही अडचण ऐकायला कोणाला लांब जावे लागणार नाही. आखातात गेलेल्यांचेही तेच. ट्रायच्या कागदात नव्वद आणि तीनशे पासष्ट यांच्या मधले दोनशे पंचाहत्तर दिवस कंपनीच्या मर्जीवर सोडले आहेत. आमच्या तारवट्याचे सगळे आयुष्य नेमके त्याच दिवसांत बसते.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. एकेका माणसाकडे दोन-तीन सिम, त्यांतली एक नावापुरती. असे क्रमांक अडवून ठेवले तर नव्यांना द्यायचे काय? एकशे पंधरा कोटी जोडण्यांच्या देशात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अडवून ठेवलेल्या क्रमांकांवर कंपन्यांकडून शुल्क घ्यावे काय, याचा खल जून २०२४ मध्ये झाला होता. त्यावर ग्राहकांनाच भुर्दंड बसणार अशी हाकाटी झाली आणि अखेर ट्रायने तूर्त शुल्क नको असे म्हटले. पण पडीक क्रमांक परत घेणे आणि तो लगेच पुन्हा वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेशी वा आधारशी जोडलेला क्रमांक परत घ्यावा, पण जोडणी तुटल्याची खात्री होईपर्यंत वाटू नये. वारसाने अर्ज केला तर मृताचा क्रमांक त्याला विनासायास मिळावा. परदेशी जाणाऱ्याला नाममात्र रकमेत वर्षभर क्रमांक राखून ठेवता यावा. दूरसंचार विभाग नवी योजना अधिसूचित करील तेव्हा या तीन गोष्टी त्यात आहेत की नाहीत, हे आपल्या खासदारांनी तपासावे. शून्याची काळजी करू नये.

आत्याने काकांचा फोन अजून खणातच ठेवला आहे. वरंगळच्या मुलाचा क्रमांक तिने डायरीत नव्याने लिहिलेला नाही. काकांच्या नावापुढे तो आहेच. त्याच्याखाली तिने पेन्सिलीने त्या मुलाचे नाव लिहिले आहे.